शालूकाकींची पाखरं

मंगळवार पेठेत बोललं जायचं, की शालूबाई रोज तिन्हीसांजेला नवऱ्याचं धोतर घरामागच्या परड्यातल्या दोरीवर ताणतात, मागं कंदील टांगतात आणि त्याच्या आत्म्याला हाका मारतात. शेजारच्या चिमणाबाई डोळे गरगरा फिरवून सांगायच्या, "अगं बया, वारा न्हाई काय न्हाई, आन् धोतर हलतंय! म्या बघिटलं की!"

यात एक अडचण होती. नवरा जिवंत होता. हंबीरराव मिरजेच्या दवाखान्यात क्षयानं खाटेला खिळले होते आणि दर आठवड्याला कार्ड टाकत होते. क्षयाचं घर म्हणून कुणी उंबरा ओलांडत नव्हतं, त्यामुळं खरं विचारणार कोण?

खरं असं होतं. हंबीरराव कचेरीत कारकून. पण सुट्टीच्या सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून कळंब्याच्या तळ्यावर जायचे आणि दिसलेला पक्षी न् पक्षी वहीत उतरवायचे. साल त्रेपन्नच्या भादव्यात तोंडातून रक्त आलं. टांग्यात बसताना त्यांनी वही बायकोच्या हातात दिली. "परड्यातली पाखरं तेवढी लिहीत जा. एक दिवस मोकळा सोडू नको. आल्यावर मी बघणार."

शालूबाई मुरगूडकडच्या. त्यांच्या माहेरी कणसावर बसतात त्या चिमण्या, झाडावर ओरडतात ते राघू. पाखरू म्हणजे दिव्यावर झेप घेतं ते. फिरून विचारीपर्यंत टांगा वळला होता.

म्हणून ते धोतर. उजाडताना त्याला चिकटून राहिलेली पाखरं त्या एकेक करून लिहायच्या. नावं कुणाला ठाऊक? त्यांनीच ठेवली. राखुंडी. हळदीची चिमूट. वकिलाचा कोट. पुसलेलं कुंकू. हे शेवटचं लिहून त्यांनी खोडलं. तेवढ्यात काळापांढरा दयाळ पक्षी यायचा आणि धोतरावरचं पटापट टिपायचा. मग त्या खराटा घेऊन धावायच्या, "हाड्ड मुडद्या! लिवू दे की आदी, मग गिळ!" आणि वहीत यायचं : चोर आला. चार खाल्ली.

मिरजेहून कार्ड यायचं, "पाखरं काय म्हणतात?" उत्तर जायचं, "लई हाईत. काल बावीस जातीची आली." हंबीररावांनी उलट टपाली कळवलं, की शेजारच्या खाटेवरचा गडहिंग्लजचा पावणा बावीस जाती मानायलाच तयार नाही, पण आज भाकरी गोड लागली, दोन खाल्ल्या. ते कार्ड शालूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलं.

चौदा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या." म्हणजे काय, ते शालूबाईंना कळलं.

हंबीरकाका यायच्या आदल्या दिवशी मी, शेजारची शाळकरी पोर, कुंपण ओलांडून गेले, वही चाळली आणि खो खो हसत सुटले. "काकी, पाखरं म्हणजे पक्षी हो! बुलबुल, भारद्वाज! काका काय कळंब्यावर कंदील घेऊन जायचे?"

काकींनी वही माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "त्या बावीसावर त्यास्नी भाकरी जात हुती गं."

मला हंबीरकाकांचा आवाज हुबेहूब काढता यायचा. मी खोकले, नाकातून म्हणाले, "'तुला काय अक्कल-बिक्कल?' बघा, हेच म्हणणार आणि वही आपटणार. पैज!"

"कायबी बोलायचे न्हाईत."

"बोलले नाहीत, तर महिनाभर नळावरचं पाणी मी भरीन."

दुसऱ्या दिवशी काका आले, खुंटीवरचा कोट चालत आल्यासारखे. खाटेवर टेकले, वही उघडली. मी दाराच्या फटीला डोळा लावून. ते ओळीखाली बोट धरून वाचत गेले. चोर आला होता तिथं बोट जरा जास्त थांबायचं. शेवटचं पान झालं, वही छातीवर ठेवून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. फक्त तिन्हीसांजेला काकी कंदील घेऊन निघाल्या, तेव्हा खाट परड्याच्या दाराकडं ओढायची खूण केली.

मी पाणी भरू लागले. एकविसाव्या दिवशी काका गेले. त्या दिवशी सात घागरी लागल्या. उरलेले नऊ दिवसही काकींनी मला माफ केले नाहीत.