माहेरचं नाव

नलूताई गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी आधी पेणला दोन ठिकाणी फोन करून खात्री करून घेतली. एकाच्याच सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांचीच शिकवण. बातमी खरी होती. आता महिना होऊन गेला...

पेणच्या बाजारपेठेमागच्या एका लहानशा लॅबमध्ये त्यांनी जन्मभर लोकांचं रक्त तपासलं. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि नजर अशी, की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटायला लागावं. बाटलीवरचं नाव त्या तीन-तीनदा विचारायच्या. बाई लग्न झालेली असली की आणखी एक प्रश्न ठरलेला, "माहेरचं नाव काय गो?" पहिल्या भेटीत मला त्याचा रागच आला. हिला माझी जात काढायचीय, नाहीतर गावभर सांगायला काहीतरी हवंय, असं मी मनात ठरवून टाकलं.

मी तेव्हा तिसऱ्या महिन्यात होते. रोह्याला केलेल्या तपासणीत सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग दिसला होता. मोठ्या माणसाला तो सर्दीतापासारखा येऊन जातो, कळतही नाही. पण गरोदरपणात नव्याने झाला, तर बाळाच्या कानांना, मेंदूला धोका असतो. माझा रिपोर्ट बघता तो ताजा वाटत होता. डॉक्टर म्हणाले, दुसरीकडे एकदा तपासून घ्या, मग मूल ठेवायचं की नाही ते ठरवू. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. रोह्याजवळ वरशाला, सासरच्या घरी, सासूबाई नुसत्या निरखून बघायच्या. हे दुखणं कुठून आणलंस, हे त्यांनी न विचारताच मला ऐकू यायचं. शेवटी मी कासूहून माझ्या वडिलांना, आप्पांना, बोलावून घेतलं. डोळे मिटून विश्वास टाकावा असं माझं तेवढंच एक माणूस होतं. त्यांना घेऊन मी पेणला गेले.

नलूताईंनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "एकट्या कागदावर माझा विश्वास नाय," म्हणाल्या, आणि लगेच तो प्रश्न.

"स्नेहल हे सासरचं. माहेरची मी सुरेखा, कासूची. पण रक्ताला माहेर कशाला लागतं?" मी तोडूनच विचारलं.

"लागतं गो," म्हणत त्या कपाटाकडे वळल्या. पाणी पिऊन येतो, असं पुटपुटत आप्पा बाहेर गेले. नलूताईंनी एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबल्या. पानाच्या कडेवर त्यांनी तळहात दाबून धरला होता, तो काही उचलला नाही.

"दोन वर्सांमागं तू येऊन गेलीस."

"मी इथे आजच येतेय."

"तू नाय. तुझं रक्त आलंय."

पहिलं मूल गेलं तेव्हा मी कासूला पडून होते. नर्सबाईंनी घरी येऊन रक्त काढलं, आप्पांनी ते थर्मासमध्ये बर्फावर ठेवून पेणला नेलं, आणि नंतर सांगितलं, सगळं नीट आहे. नीट नव्हतं. तेव्हाही हीच तपासणी अशीच आली होती. "तवा पन असंच व्हतं. म्हंजे हे नवं नसावं," नलूताई म्हणाल्या. "नसावं म्हनते, नाय असं म्हनत नाय. मुंबईला धाडून बघू." संसर्ग नवा की जुना, हे सांगणारी वेगळी तपासणी तिकडे होत असे.

परतताना स्टेशनवर मी आप्पांना विचारलं, नाव माहेरचं का दिलंत? "रोह्याला तुझ्या सासरी कळलं असतं, तर तुला परत धाडली असती त्यांनी." मायेपोटी बोललेलं ते खोटं माझ्या पोरीच्या जिवावर उठलं असतं. आप्पा आता नाहीत, तरी तो राग पुरता गेलेला नाही.

उत्तर यायला दहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी नलूताईंवरही संशय घेऊन चुकले. हाताखाली काय झाकलं होतं त्यांनी? ती सुरेखा दुसरीच कुणी नसेल कशावरून? मग कागद आला. संसर्ग जुनाच होता, आणि डॉक्टरांनी मूल ठेवायला हरकत नाही म्हटलं.

पोर पाळण्यात असताना मी पाठीमागून ताट वाजवून बघायचे, ती मान वळवते का. आज ती नववीत आहे, मोबाईलमध्ये डोकं घालून पहिल्या हाकेला ओ देत नाही, आणि मी अजूनही तिच्या पाठीमागे जाऊन ताट वाजवून बघते. नलूताईंना हे सांगितलं की त्या हसायच्या नाहीत. "कान तपासून घे परत," एवढंच म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन आले. आता तिथे कॉम्प्युटर आहे, बाटल्यांवर काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या असतात. त्यांच्या हाताखालच्या बाईंनी माझ्यासाठी ती वही शोधून ठेवली होती. सुरेखा, कासू. शेजारी कडेला, त्या दिवशी तळहाताखाली होतं ते, लाल शाईत: 'रक्त वडिलांनी आणलं. सासरचं नाव सांगत नाहीत. मुलगी आली की तिलाच सांगायचं.'

आणि त्याखाली, दोन वर्षांनंतरच्या निळ्या शाईत, एकच शब्द... 'आली.'