तहानलेल्या गवती चहाचं तेल

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं. पाणी तुटलं की पीक गेलं, एवढीच शेती मला ठाऊक. लग्न होऊन साक्रीजवळच्या गावात आले, तर इथे होळीच्या आधीच विहीर तळाला जायची. तरी मी हट्टाने वीस गुंठे गवती चहा लावला. तेल काढून विकायचं मनात होतं.

दुसऱ्या वर्षी विहिरीचं पाणी निम्म्याच वाफ्यांना पुरू लागलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, वरच्या वाफ्यांचं पाणी सरळ बंद केलं.

"अक्का, मरेल ते," मी म्हणाले.

"मरत नही. गवत शे ते," त्या म्हणाल्या आणि खालच्या वाफ्याला पाण्याचं बारं द्यायला गेल्या.

खालचं गवत कमरेला लागलं. वरचं जेमतेम गुडघ्याएवढं राहिलं. पाती अरुंद, आत वळलेली, टोकं तांबूस. मी तिकडे बघायचंच टाळायची. कापणीला मात्र तिथे विळा घातला आणि वासाने नाक झिणझिणलं. अक्कांनीही हात हुंगला. आणि त्या पेंढ्या वेगळ्या बांधायला लावल्या.

नरडाण्याजवळ तेल काढायची भट्टी आहे. ती चालवणाऱ्या भाऊंना आम्ही दोन्हीकडचं सारख्याच वजनाचं गवत वेगवेगळं लावायला सांगितलं. वाफ थंड होऊन काचेच्या भांड्यात पाणी उतरायचं आणि त्यावर तेलाचा पिवळा थर धरायचा. दुसऱ्या खेपेला, तहानलेल्या गवताचा थर चांगलाच जाड आला. मी तीनदा वाकून पाहिलं.

"ताण बसला की गवत खुंटतं, पण पानात तेल जास्त धरतं," भाऊ म्हणाले. "तुमचा ताण बेताचा बसला. आणखी लांबला असता तर ठोंबंच वाळली असती."

एकूण तेल खालच्या वाफ्यांचंच जास्त भरलं, कारण गवताचा ढीगच मोठा होता. पण त्या दिवशी माझा आनंद काही मावेना.

परतताना एसटीत अक्कांनी बाटलीतला एक थेंब पदराला लावला. अख्खी गाडी दरवळली.

"चहा कोन पी राहिनं, माय?" मागच्या बाईने विचारलं.

अक्कांनी हसत बाटली तिच्या हाती दिली. साक्री येईपर्यंत ती गाडीभर फिरली.

आता विहिरीला पाणी असलं तरी, गवत पुरतं वाढू देऊन कापणीआधी आम्ही काही दिवस पाणी तोडतो. नेमके किती दिवस, यावरून आम्हा सासू-सुनेचं दरवर्षी भांडण होतं, आणि दोघींनाही ते आवडतं.