हातोड्यांवर पांघरलेला कपडा

पोलिसातल्या नोकरीत तपासलेल्या बऱ्याच चोऱ्या विसरलो. बेंगळुरूच्या इंदिरानगरातली हत्यारांची ती चोरी मात्र अजून झोंबते.

फिर्यादी पियानो दुरुस्त करणारी तरुणी, मूळची निपाणीकडची. होसकोट्याच्या एका शाळेतला पियानो बघून ती दुपारी आपल्या कार्यशाळेत परतली, तर हत्यारांची चामडी गुंडाळी गायब. तारा ताणायची किल्ली, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या लोकरी नमद्याला टोचायच्या सुया, बारीक चिमटे. सगळी तिच्या गुरुजींनी स्वतः घडवून तिला दिलेली. शेजारची महागड्या परदेशी हत्यारांची पेटी जागेवर होती. कुलूप शाबूत.

"गुरुजी आता नाहीत, साहेब. अशी हत्यारं परत कोण घडवणार?"

संध्याकाळी एक गृहस्थ आपणहून ठाण्यात आले. गुरुजींचे थोरले शिष्य, बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घराण्यातले. फिर्यादी त्यांना अण्णा म्हणे.

"झाडणाऱ्या बाईकडे किल्ली असते," अण्णा हळूच म्हणाले. "तिकडे स्वल्प लक्ष द्या."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं, असा कायदा आहे. तरी सकाळी हवालदारानं तिला भरल्या गल्लीतून जीपमध्ये घालून आणलं. मी समोर होतो. मी अडवलं नाही.

"सरी साहेब, बरं, बसते," ती म्हणाली. "तीन घरची भांडी पडलीत. ती काय हवालदार घासणार?"

"कार्यशाळेत कशाकशाला हात लावतेस?"

"त्या हातोड्यांना शिवू नको म्हणाली अक्का. मी केरसुणीसुद्धा लांब धरते."

तिला घरी पाठवलं आणि पंचनामा पुन्हा काढला. मेजावर पियानोतून बाहेर काढलेला हातोड्यांचा सांगाडा. त्यावर दुपदरी पांढरा कपडा, काठ आत खोचलेले. पुरवणी जबाब घेताना फिर्यादीला हे वाचून दाखवलं, तर ती चमकली.

"मी तो उघडाच टाकून गेले होते. गडबडीत विसरले."

म्हणजे चोर आला, हत्यारं उचलली आणि हातोड्यांवर धूळ बसू नये म्हणून सांगाडा झाकून गेला. ही हाताची सवय झाडणाऱ्या बाईची नव्हती.

अण्णांना बोलावलं. तासभर त्यांनी प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. मग मी सांगाड्याचा फोटो पुढे सरकवला आणि सहज म्हणालो, "पोरगी शिस्तीची हो! किती नीट झाकून गेलीय. गुरुजींनी उगाच नाही तिला निवडलं."

अण्णांचा चेहरा लाल झाला.

"तिनं? तिनं उघडंच टाकलं होतं! मी झाकलं!"

 मग त्यांचा बांध फुटला.

"बावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राबलो. ती चार वर्षांपूर्वी आली. तिला हत्यारं आणि मला शाल! सगळ्यांसमोर खांद्यावर टाकली, साहेब. मी टाळ्या वाजवल्या."

मला ते कळलं. माझ्या हाताखालच्याला माझ्याआधी ठाण्याचा चार्ज मिळाला, तेव्हा मीही त्याचा पेढा हसत खाल्ला होता, आणि महिनाभर त्याचा नमस्कार मला टोचत होता. पण आपला जळफळाट गरिबाच्या पोटावर ओतायचा परवाना कुणी दिलाय?

कार्यशाळा मुळात गुरुजींची; तिच्या कुलपाची जुनी किल्ली अण्णांनी परत केलीच नव्हती. के. आर. पुरमच्या त्यांच्या घरातून मुद्देमाल मिळाला. हत्यारं पुसून, तेल लावून ठेवलेली. "वापरून बघितली?" मी विचारलं.

"हातात बसत नाहीत," ते खाली बघत म्हणाले. "मुठी तिच्या हाताच्या मापानं तासल्यात."

अण्णांवर खटला चालला. आम्हाला शाबासकी मिळाली. मात्र जीप बघून तिन्ही घरांनी त्या बाईला कामावरून काढलं होतं. मी गणवेशात एकेका दारी गेलो. दोन घरांनी तिला परत घेतलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी चहा विचारला आणि म्हणाल्या, "नसेल केली चोरी. पण पोलीस उगाच का कुणाला नेतील?"

मत्सरी माणूस नेहमी सर्वांत कमजोर माणसाकडे बोट दाखवतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्या बोटामागे जीप पाठवायची की नाही, हे मात्र ठाण्यात ठरतं. अण्णांनी फक्त नाव घेतलं होतं. तिचं ते तिसरं घर माझ्यामुळे सुटलं.