पोदेराचा रिकामा भोंपू

सगळ्यात आधी पोदेराचं नाव घ्यायला हवं, पण ते मला ठाऊक नाही. डिचोलीहून मयेच्या वाटेला सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकणारा पोदेर, एवढंच. माझं छप्पर त्या माणसानं राखलं. हे आधी सांगतो, मग काय घडलं ते.

सातवीत शाळा सुटली आणि देवगडकडचं घर सोडून मी डिचोलीत खाणीवरल्या एका साहेबांच्या बंगल्यात कामाला राहिलो. मागची खोली माझी. रोज सकाळी त्यांच्या कुत्र्याला फिरवायचं काम माझ्याकडे. तेव्हा गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून भिंती रंगलेल्या. आपण तोंड उघडावं आणि कुणाला राग यावा, या धास्तीनं मी गप्पच चालायचो. कुत्र्याला कसली धास्ती? छत्रीवाल्या म्हाताऱ्या मास्तरांशी, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन म्हापशाच्या बसला निघालेल्या बाईशी त्याची ओळख पक्की. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. मला हाक यायची, "ए कुत्र्यावाल्या!" पोदेर तर तीही मारायचा नाही. भोंपू वाजवायचा, तुटक्या पावाचा तुकडा कुत्र्यापुढे टाकायचा आणि पुढे जायचा.

गोवा घटक राज्य झालं त्या सकाळी बाजारात फटाके लागले. कुत्रा बिथरला, हिसका मारून पळाला. माझ्या हातात नुसती दोरी. बंगल्यावर सांगितलं तर बाईसाहेब म्हणाल्या, "त्याला घेऊनच दारात ये. नाहीतर येऊच नकोस."

हाका मारून माझा घसा बसला. वाटेत फेरी संपवून परतणारा पोदेर भेटला. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस; त्याची ती झोपायची वेळ. माझी दोरी बघून त्यानं सायकल थांबवली.

"बोब मारूं नाका," तो म्हणाला. "भियेला तो. चल म्हज्या फाटल्यान."

आणि रिकामी टोपली घेऊन त्यानं सगळी फेरी परत सुरू केली. तोच भोंपू, तीच वळणं, सकाळच्याच क्रमानं. मी मागून चालत. भर दुपारी भोंपू ऐकून बायका पावाच्या पिशव्या घेऊन दाराबाहेर.

"पोदेरा, उंडे पांव हाडले मरे?"

"ना गो बाये, कुत्रो सोदतां."

"कुत्र्याक भोंपू! आनी आमी धांवत आयलीं!"

एक आजी तर फाटकाशी येऊन विचारत्या झाल्या, "राज्य जालां म्हणून आतां दिसाक तीनदां पांव मेळतलो काय रे?"

सगळे हसले. पोदेरही हसला, पण भोंपू थांबवला नाही. दर दारी खुलासा, दर दारी चेष्टा. मला लाजेनं मेल्यासारखं होत होतं. तो मात्र ऊन अंगावर घेत पुढे.

मयेच्या तळ्याअलीकडे पोफळींच्या एका कुळागराशी त्यानं पुन्हा भोंपू वाजवला. रस्त्याखालच्या मोरीतून चिखलानं माखलेलं थोबाड बाहेर आलं. पोदेरानं खिशातून कागदात बांधलेली पोळी काढली, त्याची स्वतःची न्याहारी, आणि अख्खी पुढे केली. कुत्रा खात असताना मी दोरी त्याच्या गळ्यात घातली. गाठ पोदेरानंच मारली.

पुढं एकदा धीर करून मी विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

"तूं कितें दितलो?" तो हसला. मग म्हणाला, "फेस्ताच्या दिसा सायकल घे म्हजी." फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सगळ्या गावाला जास्तीचा पाव लागतो, त्यामुळे आपल्याच देवाच्या मिरवणुकीत त्याला लहानपणानंतर चालायला मिळालेलं नव्हतं.

त्यानं थट्टेनं म्हटलं असेल, मी धरून ठेवलंय. सायकल शिकलोय. घरं त्या दुपारीच पाठ झालीत, कुणाचं फाटक कुठलं आणि कुठल्या आजी टोमणा मारतात तेही. एका फेस्ताला टोपली मी नेणार, भोंपू मी वाजवणार, आणि तो कोट घालून मिरवणुकीत चालणार. हे मी फेडणार.