सूर्यभानजींची सकाळची चाल

सूर्यभानजींना देवाची भीती कधी वाटली नाही. देवाशी त्यांची ओळख पेटीवरची, जुनी. अमरावतीतल्या त्यांच्या लहानशा चर्चमध्ये पेटी तेच वाजवत, आणि कोणत्या रविवारी कोणतं गीत म्हणायचं, तेही तेच ठरवत. त्यांची बोबडी वळवली ती कचऱ्याच्या गाडीनं.

झालं असं, की इस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी अकोल्याहून फादर तुस्कानो मिस्साच्या उपासनेला येणार होते. अकोल्याच्या मोठ्या मेळाव्यासाठी त्यांना एक गीत निवडायचं होतं. माणूस गाण्यातला दर्दी, पण जिभेला मिरची लावलेली. मागे एका गावी अर्पणगीताला सिनेमाची चाल ऐकून भर मिस्सात पेटीवाल्याला म्हणाले होते, "ही वेदी आहे बाबा, वरात नव्हे." तो बिचारा अजून शेवटच्या बाकावर बसतो. पेटीकडे पाहतसुद्धा नाही म्हणे.

सूर्यभानजी मात्र निर्धास्त. त्यांची चाल स्वतःची होती. रोज सकाळी दाढी करताना ती दुरून, अलगद कानात यायची. "पवित्र आत्माच देऊन राहिला मले," असं ते गाणाऱ्या मंडळींना डोळे मिटून सांगत. शब्दही तिथंच सुचले होते: 'काढ प्रभू, मनातला कचरा काढ.' मंडळींनी महिनाभर घोकून गीत पक्कं केलं.

त्या रविवारी गालाला साबण लावलेला असताना पवित्र आत्मा थेट दारात आला. भोंगा लावून.

पलीकडचा रस्ता खोदला होता, म्हणून कोपऱ्यावर थांबणारी घंटागाडी आज त्यांच्या गल्लीत वळली होती. तीच चाल. सूर न् सूर तोच. वस्तरा घसरला, हनुवटीवर रक्त आलं.

"मैना! अवं, हे तं माही चाल हाय!"

"मले तं पयल्या दिवशीच समजलं," कचऱ्याची बादली उचलत त्यांच्या पत्नी मैनाबाई म्हणाल्या.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी म्हनले पवित्र आत्मा. मी कोन टोकनारी?"

आता बदलायला वेळ नव्हता. चर्चपर्यंत स्कूटर त्यांनी कशी नेली, तेच जाणे. प्रत्येक ओळखीचा चेहरा दिसला, की मनात एकच विचार: हाही रोज सकाळी बादली घेऊन ही धून ऐकतो. उद्यापासून आपणही शेवटच्या बाकावर.

मिस्सात गीताची वेळ आली. सूर्यभानजींनी चाल इतकी संथ धरली, की गाणारे श्वासाला महाग झाले. दोन ओळी निभावल्या. तिसऱ्या ओळीला पुढच्या बाकावरच्या पार्बताबाई चपापून उठल्या, दाराकडे पाहिलं, आणि ओशाळून बसल्या. मागे कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. फादरांचे डोळे मिटलेले. रागानं की भक्तीनं, कळेना.

मिस्सा संपल्यावर फादरांनी त्यांना वेदीमागच्या खोलीत बोलावलं.

"सूर्यभानजी, ही चाल कुठली?"

"सकाळची हाय, फादर," ते कसेबसे म्हणाले. खोटं तर बोलले नाहीत!

"सकाळचीच!" फादरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "अहो, मी अकोल्यात रोज सकाळी प्रार्थनेला बसलो ना, की अगदी असंच काहीतरी मनात उमटतं. दुरून आल्यासारखं. मेळाव्यात हेच गीत घ्यायचं. आणि शिकवायला तुम्हीच यायचं."

सुटलो म्हणणार, तोच सूर्यभानजींच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे अकोल्याची गाडीही हीच धून वाजवते! इथं एकट्या पार्बताबाई उठल्या. तिथं आख्खा मांडव उठला तर?

मेळावा आता तोंडावर आलाय. सूर्यभानजींची झोप उडालीय. रोज बसून ते चाल आणखी संथ करून पाहतात, पण फरक काही पडत नाही. घरात पेटी वाजली, की मैनाबाई अजून बादली घेऊन दाराशी जातात.