पाहुण्यांसाठी घातलेला गहू

"पूर्ण लॉट रिजेक्ट," साहेब म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. इंग्लंडच्या खरेदीदाराचा मेल होता. आमच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बिस्किटांत गहू सापडला होता.

मी नाशिकच्या एका एक्स्पोर्ट कन्सल्टन्सीत आहे. परदेशात काय खपतं आणि तिथले नियम काय, हे सांगणं आमचा धंदा. सध्या तिकडे 'ग्लूटेन-फ्री'ची चलती आहे. ग्लूटेन म्हणजे गव्हातला चिकटपणा, ज्यामुळे कणीक ताणली जाते. काही जणांच्या आतड्यांना तो सोसत नाही, चांगलेच आजारी पडतात. त्यामुळे पाकिटावर ते दोन शब्द छापले की आत जवळजवळ शून्य ग्लूटेन लागतं. नागलीत ते मुळात नसतंच.

म्हणून सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या अकरा बायकांचा गट आम्ही निवडला. भातकापणी उरकली की या बायका जीपमध्ये कोंबून दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पोरं सोबत, शाळा बंद. ही ऑर्डर टिकली असती तर त्यांना घर सोडावं लागलं नसतं.

"पण साहेब, सॅम्पल पास झालं होतं."

"सॅम्पल तू उभी राहून करून घेतलंस. माल त्यांनी केला. जा, बघून ये."

गेले. शेड लख्ख. सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, नखं कापलेली, हातात बांगडी नाही. नागलीसाठी वेगळी चक्की घेऊन दिली होती, तिच्यावर मीच लावलेला कागद होता: 'या चक्कीत गहू दळू नये.'

गटाच्या प्रमुख यमुनाताईंना विचारलं, "यात कधी गहू दळला?"

"नाय मॅडम. तुमी सांगितलं तवापासून एक दाणा नाय."

"मग बिस्किटांत गहू आला कुठून?"

"तो आमी बाजारातल्या गिरणीतून दळून आणला," त्या कौतुकाने म्हणाल्या. "लोकवन हाय. रेशनचा नाय."

मी विचारलं, "पण का घातलात?"

"नुसती नागली कशी द्यायची? आमी रोज खातो ते येगळं. ती परदेशातली माणसं. पावणा आला का आमच्यात गव्हाची पोळी करत्यात. त्याला नागलीची भाकर वाढली तर लाज वाटंल का नाय? मंग अकरा जणींनी वर्गणी काढली."

मी त्यांना सगळं सांगितलं. तिकडची माणसं गहू नको म्हणून जास्त पैसे मोजतात, हेही सांगितलं.

"म्हंजे त्यांना आमची नागलीच पायजे होती?"

"हो."

"हे आधी सांगायचं ना, मॅडम."

का सांगितलं नव्हतं? माझ्या प्रेझेंटेशनमध्ये हे सांगणारी स्लाइड होती. खरेदीदाराला दाखवली, बँकेला दाखवली. ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "बायकांना थिअरी नको. काय करायचं, काय नाही, तेवढंच सांग." मी ती स्लाइड काढून टाकली. साहेबांवर ढकलणं सोपं आहे. खरं म्हणजे यांना काय कळणार, असं मलाही वाटलं होतं. नखं कशी कापायची हे मात्र अर्धा तास शिकवलं. याची चीड मला अजून येते.

माल तिकडेच नष्ट केला. खरेदीदार परराज्यातल्या एका फॅक्टरीकडे गेला. आम्हाला प्रोजेक्ट बंद झाल्याचा रिपोर्ट बँकेला द्यायचा होता. त्यात 'अपयशाचं कारण' असा रकाना होता.

"लिही, गटाने सूचनांचं पालन केलं नाही," साहेब म्हणाले.

"त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलंय, साहेब. चक्कीत गहू दळू नका, एवढंच मी सांगितलं होतं."

"मग काय लिहायचं? ट्रेनरने सांगितलंच नाही?"

मी त्यांनी सांगितलं तेच टाइप केलं आणि खाली सही केली, माझी. त्या एका ओळीमुळे पुढे कुणीच गटाला दारात उभं केलं नाही. भातकापणीनंतर अकराही जणी जीपमध्ये बसल्या.

नियम कुणाकडूनही पाठ करून घेता येतात. कारण सांगायचं तर समोरच्याला अक्कल आहे, हे आधी कबूल करावं लागतं. मी ते केलं नाही, आणि नोकरी मात्र माझी शाबूत आहे.