साबणाचा बर्फ, बंद पडलेला आकाशपाळणा आणि सासूबाई

सगळ्यात आधी सांगून टाकते, म्हणजे घरातल्या पोरांना शब्द देण्याआधी तुम्हाला कळेल. तिथे बर्फ नाही. जाहिरातीत आहे, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत आहे, गेटवरच्या फलकावर तर लहान मुलांच्या गुडघ्यापर्यंत आहे. प्रत्यक्षात साबणाचा फेस आहे आणि तो डोळ्यांत गेला की झोंबतो.

आमच्या घरात हा विषय सानूने आणला. सानू म्हणजे आमची लेक, दुसरीत आहे. नाताळची सुट्टी लागायच्या आधीच वर्गातल्या निम्म्या मुलांचे सांताबरोबर फोटो काढून झाले होते आणि आमची लेक रोज संध्याकाळी 'आपण कधी' एवढंच विचारत होती. उत्तनच्या रस्त्यावर नवीन झालेलं थीम पार्क, नाताळसाठी सजवलेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांची फुकटची जाहिरात माझ्याकडून व्हायला नको. आम्ही भाईंदरच्या अलीकडे पूनम सागरला राहतो, म्हणजे अंतर काहीच नाही. निखिल, माझा नवरा, म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम आहे. सकाळी जाऊ, जेवायला घरी." निखिलच्या असल्या वाक्यांवर मी अजूनही विश्वास ठेवते, लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा.

खरा धक्का सासूबाईंनी दिला. सासरे गेल्यापासून त्या रत्नागिरीकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या आहेत. त्या कुठेच येत नाहीत. मॉल नको, हॉटेल नको, समोरच्या बागेतही नको. आणि त्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मीपण येते."

"आई, तिथे खूप चालावं लागेल हां," मी म्हटलं.

"मग चालेन."

विषय संपला.

जाण्याची कथा

तुम्ही अॅपवरून गाडी मागवणार असाल तर आधीच सांगते, नाद सोडा. पहिल्या ड्रायव्हरने 'किधर जाना है' विचारलं, उत्तन ऐकलं आणि राइड रद्द केली. दुसऱ्याने तेच केलं. तिसरा निदान बोलला तरी, "मॅडम, उधर से वापसी का भाडा नहीं मिलता." शेवटी रिक्षाने भाईंदर स्टेशन गाठलं. रिक्षावाला चार माणसं बघून कुरकुरला, मग "बच्ची को गोदी में लो" म्हणाला. सानू निखिलच्या मांडीवर, सानूच्या मांडीवर सासूबाईंचा स्टीलचा डबा. मिरा-भाईंदर रोडला मेट्रोच्या खांबांखालून जी काही गर्दी असते ती होतीच, वर सुट्टीची गर्दी. स्टेशनचा पूल चढून पश्चिमेला उतरलो आणि तिथून उत्तनची पालिकेची बस पकडली. हा मात्र खरा सल्ला आहे: बसनेच जा. स्वस्त पडते आणि पार्कच्या वळणावर उतरवते.

बसमधला भाग, मला कबूल करायचं नव्हतं, पण सुंदर होता. राई, मुर्धा, मोर्वा ही गावं मागे पडली की रस्ता अरुंद होतो, एका बाजूला मिठागरं दिसतात, हवेला खारट वास येतो. डोंगरीच्या जवळ आलं की घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या, अंगणात गवत पसरून केलेले गव्हाणीचे देखावे. कोणी तिकीट लावलेलं नाही. सानू खिडकीला नाक लावून बसली होती. पुढच्या सीटवर मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशींनी मागे वळून विचारलं, "पार्कात चाललाव?"

सानूने मोठ्या उत्साहाने मान हलवली. "तिथे बर्फ आहे!"

"बर्फ कुठला बाय? साबन हाय तो," मावशी म्हणाल्या. "माझी नात रडत आली घरला."

मी आणि निखिलने एकमेकांकडे बघितलं. परत फिरायचं धाडस दोघांपैकी एकातही नव्हतं.

गेट

तिकीट ऑनलाइन काढलेलं असलं तरी रांग आहेच. रांगेच्या शेवटी पिशव्यांची तपासणी. सासूबाईंच्या डब्यात घावणे, ओल्या नारळाची चटणी आणि वड्या. गार्डने झाकण उघडलं आणि म्हणाला, "बाहर का खाना अलाउड नहीं है माताजी. इधर जमा करना पडेगा."

"जमा म्हणजे?" सासूबाईंनी मला विचारलं.

"इथे ठेवायचं. जाताना परत मिळेल."

"उन्हात? नारळाची चटणी?"

निखिल हळूच म्हणाला, "आई, ठेव ना. आत काहीतरी खाऊ." त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रांगेतून बाहेर पडल्या, कठड्यावर बसल्या आणि घावणे वाटायला लागल्या. आम्हाला, मग मागच्या गुजराती कुटुंबाला, मग त्यांच्या मुलांना, शेवटी गार्डलाही. "तू खा रे, तेरे को अलाउड है ना?" त्याने इकडेतिकडे बघून वडी तोंडात टाकली. रिकामा डबा आत न्यायला कोणाचीच हरकत नव्हती. निखिल कानापर्यंत लाल झाला होता. मला मात्र भूक लागली होती, मी तीन खाल्ले.

आत

आत शिरल्याबरोबर भलंमोठं ख्रिसमस ट्री. लांबून छान. जवळ गेलात तर लोखंडी सांगाड्यावर हिरव्या प्लॅस्टिकची झालर, एका बाजूने सुटून फडफडत होती. स्पीकरवर घंटांची एकच धून, ती संपली की पुन्हा तीच. थोड्या वेळाने ती माझ्या दाढेत वाजायला लागली. लहान मुलांच्या आगगाडीवर 'मेन्टेनन्स'ची पाटी. रेनडिअरच्या गाडीवर बसायला उंची हवी, सानू बोटभर कमी पडली. तिने टाचा वर केल्या, तिथल्या मुलीने "बेटा, चीटिंग नहीं" म्हणून तिला बाजूला केलं.

सांताची रांग वळसे घेत घेत कुल्फीच्या गाडीपर्यंत आली होती. शेवटी नंबर लागला तेव्हा सांता खुर्चीत मागे रेलून दाढीच्या आतून पाणी पीत होता. "नाम क्या है? क्या चाहिए? इधर देखो," हे सगळं त्याने एका श्वासात म्हटलं. सानूने तोंड उघडायच्या आत फोटो निघाला होता. फोटोचे पैसे वेगळे.

आणि मग बर्फ. शाळा सुटल्यासारखी घंटा झाली, सगळी पोरं मैदानात धावली, वरच्या नळकांड्यांतून पांढरं काहीतरी उडालं आणि क्षणभर, खरंच सांगते, क्षणभर सानूचा चेहरा असा झाला की मी सगळं माफ केलं असतं. मग तो फेस तिच्या डोळ्यांत गेला. तिच्या, आणि आजूबाजूच्या सगळ्याच पोरांच्या. मैदानभर एकच रडारड. निखिलने तिला उचललं आणि नळ शोधत पळाला. नळापाशीसुद्धा रांग होती.

जेवणाबद्दल थोडक्यात. आधी एका खिडकीवर कूपन घ्यायचं, मग दुसऱ्या खिडकीवर रांग लावायची. पिझ्झा थंड. घावण्यांची आठवण सगळ्यांना आली.

आकाशपाळणा

सानू आता कशातच बसायला तयार नव्हती. ती निखिलच्या खांद्यावर लाल डोळ्यांनी पडून होती. तिकिटात आकाशपाळणा धरलेला होता आणि मी म्हटलं, जाऊ दे, घरी जाऊ. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चल, आपण दोघी बसू."

"तुम्ही? आई, तो किती उंच आहे बघा."

"बघितलाय. चल."

मला उंचीची भीती वाटते. ते त्यांना माहीत नव्हतं आणि सांगायची माझी इच्छा नव्हती. पाळणा वर गेला, आणखी वर गेला, खालची धून बारीक झाली, आणि अगदी माथ्यावर पोचल्यावर एक हिसका बसून थांबला. स्पीकरही बंद झाला. वीज गेली होती. खालून कोणीतरी ओरडत होतं, "जनरेटर चालू कर रहे हैं, कोई हिलना मत!"

मी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. सासूबाई मात्र आरामात बसल्या होत्या. "समुद्र दिसतो गो," त्या म्हणाल्या. "होड्यापण दिसतायत."

"आई, प्लीज हलू नका."

"मी कुठे हलते. तूच थरथरतेस." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "मेघना, मी गावी जाते म्हणते."

"शिमग्याला जाऊ ना सगळेच."

"सगळे नाही. मी. राहायला."

मी डोळे उघडले. "हे आत्ता बोलायचं? इथे?"

"घरात विषय काढला की तुझा कुकर होतो नाहीतर त्याचा फोन येतो. इथून तू उठून जाणार नाहीस."

म्हणून त्या आल्या होत्या. चालायला तयार होत्या, पाळण्यात बसायला तयार होत्या, ते यासाठी. मला इतका राग आला की भीती गेली.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही गो. तुमच्याकडे मला काही कमी नाही. पण तुम्ही सकाळी जाता, सानू दुपारी येते, तुम्ही संध्याकाळी येता. मी दिवसभर वाट बघते. तेवढंच माझं काम. हे होते तेव्हा आमचं घर होतं, कामं होती. आता मी तुमच्याकडची पाहुणी आहे, जी जातच नाही."

"तिकडे एकट्या काय करणार?"

"घरामागचं परसू साफ करीन. कुळीथ घालीन. शेजारी मालू आहे, तीपण एकटीच आहे. गुडघे दुखतील, पण ते इथेपण दुखतात."

आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं: "सानू शाळेतून आली की तिला कोण बघणार?"

बोलल्यावर मलाच कसंतरी झालं. पण सासूबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "त्याची सोय होईपर्यंत मी हलत नाही. पण सोय कर. नुसती 'बघू' म्हणू नकोस."

पाळणा पुन्हा हिसका देऊन सुरू झाला. स्पीकरही सुरू झाला, तीच धून. खाली निखिल कोणत्यातरी मॅनेजरशी हिंदीत तावातावाने भांडत होता आणि आम्ही दिसलो तसा धावत आला. "आई, घाबरलीस का?"

"मी नाही. ही घाबरली होती," सासूबाई म्हणाल्या.

परत

परतीच्या बसमध्ये मी सानूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. बसमध्ये चढायच्या आधी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं होतं, "निखिलला तू सांगशील का?" आणि मी म्हटलं होतं, "नाही. तुमचा मुलगा आहे, तुम्ही सांगा." माझ्या रागाचं एवढंच मी त्या दिवशी करू शकले.

त्यांनी सांगितलं. घरी पोचून हातपाय धुतल्यावर, चहा पिताना. निखिलने कप खाली ठेवला आणि नेमकं तेच विचारलं जे मी वर विचारलं होतं. "आम्ही काय कमी केलं, आई?"

"कमी केलं असतंत तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "भांडून गेले असते."

तो पुढचे बरेच दिवस घरात गप्पगप्प होता. आईशीही, माझ्याशीही, जणू मीच तिला शिकवून वर नेलं होतं. मी सोय शोधत होते आणि त्याला वाटत होतं, मी घाई करतेय. एकदा आमचं त्यावरून कडाक्याचं वाजलं. शेवटी आमच्याच बिल्डिंगमधल्या हेतलबेन म्हणाल्या, "माझी मुलगी पण याच टायमाला शाळेतून येते, दोघी बसतील ने." इतकं सोपं उत्तर दोन मजले खाली होतं. निखिलने मग स्वतःच रजा टाकली, आईला घेऊन गावी गेला, कौलं बघितली, पंप दुरुस्त करून आला. एकटाच परत आला तेव्हा दमलेला होता, पण गप्प नव्हता.

आता हिशोब. पार्कला जाऊ नका, गेलात तर मुलांचे डोळे सांभाळा. खरा नाताळ बघायचा असेल तर बसने डोंगरीपर्यंत जा, पायी फिरा, चांदण्या बघा आणि परत या. बाकी, मला वाटलं होतं की घर मोकळं झालं की सुटल्यासारखं वाटेल, ते थोडंसं वाटलंही, खोटं कशाला बोलू. आणि संध्याकाळी कुलूप उघडून दिवा लावायला लागतो तेव्हा दर वेळी चीडही येते. कोणावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा निखिलने फोनवर विचारलं, "आई, मग इकडे कधी येतेस?"

पलीकडे भांडी वाजत होती, कोणीतरी बाई मोठ्याने हसत होती. सासूबाई म्हणाल्या, "माझं सोड. तुम्ही कधी येताय ते नक्की सांगा. गाद्या उन्हात घालायच्या तर मला आधी कळायला हवं."